खातं कुणाच्या नावावर?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०चे नेहमीचे सुरक्षा अपडेट थांबवले. धनत्रयोदशी चार दिवसांवर होती. ज्यांचे लॅपटॉप विंडोज ११च्या अटींत बसत होते त्यांनी ती चढवली. ज्यांचे बसत नव्हते त्यांच्यातल्या काहींनी नवं यंत्र घेतलं, काही लिनक्सकडे वळले, आणि बरेच जण ‘बघू पुढे’ म्हणून थांबले. दुरुस्तीच्या दुकानांत मात्र तेव्हापासून एक वाक्य सारखं कानावर पडतं आहे : ‘फॉरमॅट मारून घेतला, आता लॉगिनच होत नाहीये.’

या एका वाक्यात निदान पाच-सहा निरनिराळ्या तक्रारी असतात. कुणाचा पिन चालत नसतो. कुणाला पासवर्ड आठवत नसतो. कुणाला आठवत असतो, पण यंत्र तो घेत नसतं. कुणी आत शिरलेला असतो, पण स्वतःच्याच फाइली उघडता येत नसतात. कुणाचं ऑफिसचं जाळं त्याच्या लॅपटॉपला ओळख देत नसतं. प्रत्येकाचं कारण वेगळं आणि उपायही वेगळा. सगळ्यांना एकच औषध द्यायला गेलं की मात्र जे वाचण्यासारखं असतं तेही हातचं जातं. ‘पुन्हा एकदा फॉरमॅट मारून बघू’ हे असंच औषध आहे. यंत्र कुठे अडलं आहे हे नीट न पाहता दिलेला हा सल्ला मला धोक्याचा वाटतो. या लेखाचं निमित्त तेच आहे.

सुरुवात पिनपासून करू, कारण सर्वांत जास्त माणसं तिथेच अडतात. २०१५च्या जुलैमध्ये विंडोज १० आली तेव्हा तिच्याबरोबर विंडोज हॅलो नावाची सोय आली : बोट लावा, चेहरा दाखवा किंवा चार आकडी पिन टाका. लोकांनी ती लगेच उचलली आणि ते रास्तच होतं. लांबलचक पासवर्ड रोज टाकण्यापेक्षा पिन सोपा, शिवाय अधिक सुरक्षितही. कारण हा पिन इंटरनेटवर कुठेच जात नाही. तो त्या एका यंत्रापुरता असतो आणि शक्यतो टीपीएम नावाच्या, मदरबोर्डवरच्या सुरक्षा-चिपच्या भरवशावर चालतो. दुसऱ्याच्या हाती पिन लागला तरी तो लॅपटॉप हातात असल्याशिवाय त्याचा उपयोग शून्य.

पण पाच वर्षं रोज पिन टाकणाऱ्या माणसाच्या मनात ‘माझा पासवर्ड म्हणजे हे चार आकडे’ असं पक्कं बसलेलं असतं. विंडोज नव्याने टाकली की त्या यंत्राची आठवण पुसली जाते आणि तिच्याबरोबर पिनही. नवी विंडोज पहिल्यांदा विचारते तो मायक्रोसॉफ्ट खात्याचा पासवर्ड. तो एकदाच, लॅपटॉप घेतला त्या दिवशी टाकलेला असतो. माणूस चार आकडे टाकत राहतो, पडदा ‘चुकीचा पासवर्ड’ म्हणत राहतो, आणि बऱ्याच प्रयत्नांनंतर खातं काही काळापुरतं बंद होतं. यात बिघाड काहीच नसतो. ज्याला पिन ठाऊक होता ते यंत्र आता राहिलेलं नसतं, आणि जे दूरचं खातं प्रश्न विचारतं आहे त्याला पिन कधीच ठाऊक नव्हता.

‘मग माझा जुना पासवर्ड तेवढा काढून द्या ना,’ अशी विनंती दुकानात रोज होते. ती पुरी करता येत नाही, आणि त्यामागे साठ वर्षांचा इतिहास आहे. १९६१ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरायची व्यवस्था उभी केली. प्रत्येकाच्या फाइली वेगळ्या राहाव्यात म्हणून त्यांनी पासवर्ड आणला. ते पासवर्ड जसेच्या तसे एका फाइलमध्ये लिहिलेले असत. १९६२ साली अ‍ॅलन शेर या संशोधकाला संगणकावर वाटून मिळालेला वेळ पुरेना, तेव्हा त्याने ती फाइलच छापून घेतली. १९६६ साली तर घोळ होऊन लॉगिन करणाऱ्या प्रत्येकासमोर रोजच्या सूचनेऐवजी सगळ्यांचे पासवर्ड झळकले. पुढे युनिक्सवर काम करणाऱ्या रॉबर्ट मॉरिस आणि केन थॉम्प्सन यांनी १९७९च्या आपल्या निबंधात वेगळी रीत मांडली : पासवर्ड साठवायचाच नाही. त्यात काही यादृच्छिक भर घालून, त्यावर उलट फिरवता न येणारी गणिती क्रिया करायची आणि तिचं उत्तर तेवढं ठेवायचं. आज सर्व धड व्यवस्था याच वाटेने चालतात. म्हणून तुमचा जुना पासवर्ड दुकानदार काढून देऊ शकत नाही, कंपनीही देऊ शकत नाही. नवा ठरवू देता येतो, आणि तो ठरवणारे तुम्हीच आहात याची खात्री त्याआधी पटावी लागते. सगळं अडतं ते या खात्रीपाशी.

पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली इलेक्ट्रॉनिक्सच्या सामानासाठी प्रसिद्ध आहे. तिथून जवळच्या दुरुस्तीच्या एका दुकानात बसून मी ही कामं पाहत होतो. तिथे निवृत्त मुख्याध्यापिका असलेल्या एक बाई आल्या. लॅपटॉप २०२१मध्ये घेतलेला. संथ झाला म्हणून सोसायटीतल्या कॉलेजच्या मुलाने त्यावर विंडोज ११ नव्याने टाकून दिली. मुलगा जबाबदार होता. त्याने सी ड्राइव्ह फॉरमॅट केला आणि डी ड्राइव्हला हात लावला नाही, कारण बाईंचं सगळं काम डीमध्ये होतं : शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेचा मजकूर, जुन्या शिक्षकांच्या ध्वनिमुद्रित मुलाखती, स्कॅन केलेली छायाचित्रं. आपल्याकडे वर्षानुवर्षं सांगितलं गेलं आहे की विंडोज सीमध्ये असते, महत्त्वाचं काय ते डीमध्ये ठेवा, म्हणजे फॉरमॅट मारला तरी डेटा सुखरूप राहतो.

दुकानातल्या कारागिराने ‘धिस पीसी’ उघडलं. सी ड्राइव्ह नेहमीसारखा दिसत होता. डीच्या चित्रावर मात्र पिवळं कुलूप होतं आणि किती जागा भरली आहे ते दाखवणारी पट्टी गायब होती. डबल क्लिक केल्यावर एक चौकट आली. तिला ४८ आकडी रिकव्हरी की हवी होती.

‘मी कधी कुलूप घातलंच नाही हो,’ बाई म्हणाल्या.

त्यांचं म्हणणं खरं होतं. कुलूप विंडोजनेच घातलं होतं. बिटलॉकर ही व्यवस्था विंडोज व्हिस्टापासून आहे, पण बराच काळ ती ऑफिसच्या यंत्रांपुरती होती. पुढे ठरावीक अटी पूर्ण करणाऱ्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्क आपोआप सांकेतिक होऊ लागली, होम आवृत्तीतसुद्धा. २०२४च्या विंडोज ११ २४एच२ आवृत्तीपासून तर नव्याने विंडोज टाकून मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलेल्या बहुतेक यंत्रांवर हे होऊ लागलं आहे. हेतू चांगला आहे. लॅपटॉप लोकलमध्ये राहिला किंवा चोरीला गेला तर डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला लावूनही कुणाला काही वाचता येत नाही. यात सी ड्राइव्ह तर येतोच, त्याच डिस्कवरचा डीसुद्धा येतो. रोजच्या वापरात डी आपोआप उघडतो, कारण तो उघडण्याचं गुपित सी ड्राइव्हवरच्या विंडोजपाशी असतं. सी फॉरमॅट झाला की ते गुपित गेलं. डी ड्राइव्हवरचं एक अक्षरही हललेलं नसतं, पण ते वाचता येत नाही.

त्या ४८ आकड्यांची रचना पाहण्यासारखी आहे. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात आणि प्रत्येक गटाला ११ने भाग जातो. टिपून घेताना एखादा आकडा चुकला तर त्या गटाला भाग जात नाही, त्यामुळे चूक नेमकी कुठल्या गटात आहे ते कळतं. कारागिराने हे एका जुन्या चिठ्ठीवर करून दाखवलं. कुणा गिऱ्हाइकाने १ आणि ७ यांत गोंधळ करून उतरवलेली की त्याने मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर गटागटाने भागली, पाचव्या गटाशी बोट ठेवलं आणि तिथला ७ खोडून १ केला. भाग गेला. पण असं दुरुस्त करायला हातात की तरी असावी लागते. ती नसेल तर आकडे अंदाजाने लावत बसण्यात अर्थ नाही. शक्यता इतक्या प्रचंड आहेत की कुठलाही संगणक त्यातून पार पडणार नाही. ‘आम्ही बिटलॉकर तोडून देतो’ असं सांगणाऱ्याकडून पैसे परत मिळतील याचीही हमी नाही.

आपोआप कुलूप लागतं तेव्हा त्याची की मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा होते. खात्याच्या पानावर यंत्राचं नाव, की ओळखायचा क्रमांक आणि ४८ आकडे दिसतात. शेजारी ड्राइव्हचा प्रकार असतो : विंडोजच्या ड्राइव्हसमोर ओएसव्ही, डीसारख्या ड्राइव्हसमोर एफडीव्ही. सीची की डीला चालत नाही. पडद्यावरच्या ओळख-क्रमांकाची पहिली आठ अक्षरं खात्यातल्या यादीशी ताडून पाहायची, जुळली की तीच की. म्हणजे बाईंना एवढंच करायचं होतं, की २०२१मध्ये ज्या खात्याने लॉगिन केलं होतं ते उघडायचं.

‘मॅडम, लॅपटॉप घेतला तेव्हा ईमेल कुणी बनवला?’

‘दुकानातल्या मुलानेच दिला ना करून. मी म्हटलं माझं जीमेल आहे, तर म्हणाला राहू द्या, आम्ही टाकतो.’

हे ऐकून कारागीर थोडा वेळ गप्प बसला. मग त्याने सांगितलेलं मला पुढे अनेकांकडून ऐकायला मिळालं. लॅपटॉप विकताना गिऱ्हाईक घाईत असतं, त्याला पासवर्ड आठवत नसतो, मागे रांग असते. तेव्हा दुकानातला पोरगा दुकानाच्या नावाने एक नवा ईमेल काढतो, ठरलेला पासवर्ड देतो, ओटीपीसाठी दुकानाचा मोबाइल टाकतो आणि पाच मिनिटांत लॅपटॉप हातात ठेवतो. वर चार आकडी पिन ठरवून देतो, की झालं. त्यानंतर वर्षानुवर्षं कुणाला काही जाणवत नाही. जमीन आपण कसतो, पीक आपण घेतो, पण सातबारा दुसऱ्याच्याच नावावर, तशी ही अवस्था. लॅपटॉपबरोबर विकत घेतलेलं ऑफिस होम अँड स्टुडंट त्या खात्याला बांधलेलं. डिस्कची की त्या खात्यात. आणि खातं ज्या मोबाइल नंबरला ओळखतं तो नंबर दुकानाचा.

आपलं खातं दुसऱ्याच्या नावावर आहे का, हे ओळखायची एक खूण आहे. मायक्रोसॉफ्ट खात्याने विंडोज सुरू केली की ती सी ड्राइव्हमधल्या यूझर्स फोल्डरात वापरणाऱ्याच्या नावाचं फोल्डर करते आणि त्याला ईमेल पत्त्याची पहिली पाच अक्षरं देते. ती अक्षरं आपल्या पत्त्याची नसतील तर फॉरमॅटचा विचार करण्याआधी खात्याचा निकाल लावावा.

बाईंचा सी ड्राइव्ह पुसला गेला होता, त्यामुळे ही खूण उरली नव्हती. त्यांनी पिशवीतून बिलाची फाइल काढली. शिक्षकी पेशातली शिस्त तिथे कामी आली. बिलाला ऑफिसचं कार्ड टाचलेलं होतं आणि त्यावर बॉलपेनने एक ईमेल पत्ता लिहिलेला होता. पासवर्ड नव्हता. कारागिराने ‘पासवर्ड विसरलो’वर टिचकी दिली. पडद्यावर एका मोबाइल नंबरचे शेवटचे दोन आकडे आले. बिलाच्या माथ्यावर छापलेल्या नंबरचे शेवटचे दोन आकडे तेच होते.

दुकान टाळेबंदीनंतर बंद पडलेलं. नंबर लागला. पलीकडे दुकान चालवणाऱ्याचा भाऊ होता. कारागिराने सगळी हकीकत सांगितली आणि म्हणाला, ‘तुम्हाला एक कोड येईल, तेवढा सांगा.’ पलीकडून फोन ठेवला गेला.

त्या माणसाने योग्यच केलं. ओटीपी कुणालाही सांगू नका, हे बँका आणि पोलीस घसा कोरडा होईस्तोवर सांगत आहेत. अनोळखी नंबरवरून कुणीतरी कोड मागतो आहे, तर फोन ठेवायचाच असतो. प्रामाणिक दुरुस्ती आणि फसवणूक फोनवर शब्दशः सारखी ऐकू येते. दुसऱ्याच्या नंबरवर आपलं खातं ठेवलं की आपण त्या माणसालाही या पेचात घालतो. शेवटी बाईंनी स्वतः फोन केला, बिलाचा क्रमांक आणि तारीख सांगितली, बिलाचा फोटो पाठवला. संध्याकाळी उलटा फोन आला आणि कोड मिळाला. एफडीव्हीसमोरच्या कीची पहिली आठ अक्षरं जुळली. ४८ आकडे टाकल्यावर कुलूप उघडलं आणि स्मरणिकेचं फोल्डर दिसलं. कारागिराने आधी सगळं बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवलं आणि मग उरलेल्या कामाला हात घातला.

त्याच दुकानात याच प्रकारचं दुसरं काम आलं, ते जमलं नाही. एका तरुण छायाचित्रकाराने स्वतःच्याच नावाने खातं काढलेलं होतं, पण मधल्या काळात जुनं सिम रिचार्ज न करता सोडून दिलं. आपल्याकडे बंद झालेला नंबर किमान ९० दिवस दुसऱ्याला देत नाहीत, असं दूरसंचार नियामक ट्रायने २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयात सांगितलं होतं. पण ते ९० दिवस केव्हाच उलटून गेले होते आणि नंबर तिसऱ्याच कुणाच्या हातात होता. पर्यायी ईमेल दिलेला नव्हता. मायक्रोसॉफ्ट खात्यात ओळखीची सगळीच माहिती एकदम बदलायची तर ३० दिवस थांबावं लागतं, आणि त्यासाठीही निदान पासवर्ड तरी ठाऊक असावा लागतो. त्याला तोही आठवत नव्हता. त्याच्या दोन लग्नांच्या कच्च्या फाइली त्या डिस्कवर आहेत. वाचता येत नाहीत.

तिसरी तऱ्हा परदेशातल्या मुलांची. न्यू जर्सीतल्या मुलाने आईबाबांना लॅपटॉप पाठवला, प्रेमाने सगळं स्वतः लावून दिलं आणि खात्यावर नंबर आपला टाकला. इथे लॅपटॉप अडतो दुपारी बाराला. उन्हाळ्यात तेव्हा तिथे पहाटेचे अडीच वाजलेले असतात, कोड काही मिनिटांपुरताच चालतो, आणि मुलगा उठेपर्यंत इथे संध्याकाळ होते. यात चूक कुणाचीच नाही. पण आईबाबांच्या खात्यावर पहिला नंबर त्यांचाच असावा आणि मुलाचा दुसरा, एवढं त्या मुलाने पुढच्या सुट्टीत करावं.

पासवर्ड बरोबर असूनही यंत्र घेत नाही, ही तक्रार त्या मानाने हलकी, पण माणसाला फार हैराण करते. कारण बहुधा कीबोर्डच्या मांडणीत असतं. विंडोज टाकताना भाषा आणि प्रदेश विचारले जातात. आपण लिहितो ती इंग्रजी ब्रिटिश वळणाची म्हणून कुणी ‘युनायटेड किंगडम’ निवडतो. त्या मांडणीत शिफ्ट आणि २ दाबल्यावर अ‍ॅट द रेटच्या जागी दुहेरी अवतरणचिन्ह उमटतं आणि अ‍ॅट द रेट एंटरजवळच्या कळीवर जातं. हॅशची जागाही बदलते. पासवर्डच्या रकान्यात नुसते ठिपके दिसत असल्याने काय उमटलं ते कळत नाही. कधी मराठी इनस्क्रिप्ट मांडणी चालू राहिलेली असते आणि इंग्रजी म्हणून टाकलेला पासवर्ड देवनागरीत जात असतो. रकान्याच्या टोकाला डोळ्याचं चित्र असतं, ते दाबून धरलं की अक्षरं दिसतात. खालच्या कोपऱ्यात चालू भाषेची खूण असते. कुठलाही मोठा उपाय करण्याआधी या दोन गोष्टी पाहाव्यात.

दुसरा गुन्हेगार घड्याळ. मदरबोर्डवरची बटणासारखी बॅटरी संपली की तारीख काही वर्षं मागे जाते. मग लॉगिनचं पानच उघडत नाही, कारण त्या संकेतस्थळाचं प्रमाणपत्र यंत्राच्या मते अजून लागूच झालेलं नसतं. ज्यांनी एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकले आहेत त्यांना आणखी एक अनुभव येतो. लिनक्स आतल्या घड्याळात ग्रीनिच वेळ लिहितं, विंडोज तीच स्थानिक वेळ समजते, आणि लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे. घरच्या वापरात याने फारसं बिघडत नाही. पण ऑफिसच्या डोमेनवर, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती खातेव्यवस्थेत, लॉगिन करायचं असेल तर तिथली केर्बरॉस ही ओळख-पद्धत डीफॉल्ट मांडणीत पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक खपवून घेत नाही. पासवर्ड अचूक, माणूस तोच, आणि तरी नकार.

ऑफिसच्या लॅपटॉपवर स्वतः विंडोज टाकू नये, याला आणखीही कारण आहे. डोमेनमध्ये माणसाचं जसं खातं असतं तसं यंत्राचंही असतं, आणि त्या यंत्राचा स्वतःचा पासवर्ड असतो, जो माणसाला कधीच दिसत नाही. नव्या विंडोजला तो ठाऊक नसतो, त्यामुळे यंत्र पुन्हा डोमेनला जोडून घ्यावं लागतं आणि तो अधिकार आयटी विभागाकडे असतो. शिवाय विंडोज शेवटच्या दहा जणांची लॉगिनची आठवण ठेवते, म्हणून घरी बसून, ऑफिसचं जाळं नसतानाही रोज आत जाता येतं. नव्याने टाकलेल्या विंडोजकडे ही आठवण नसते. पहिलं लॉगिन ऑफिसच्या जाळ्यातूनच व्हावं लागतं.

चार्टर्ड अकाउंटंटच्या ऑफिसात प्रश्न वेगळाच येतो. डिजिटल सहीचा यूएसबी टोकन लावलेला असतो, दिवा लागतो, पण पोर्टल म्हणतं सही सापडत नाही. टोकनमधली सही शाबूत असते, ती कधी लॅपटॉपवर नव्हतीच. गेलेलं असतं ते टोकनचं ड्रायव्हर आणि पोर्टलला टोकनशी बोलू देणारं छोटं सॉफ्टवेअर. ते पुन्हा टाकलं की काम होतं. घाबरून टोकनचा पिन पुन्हापुन्हा चुकीचा टाकला तर मात्र टोकनच बंद होतो आणि मुदतीच्या तोंडावर नवी सही काढावी लागते. महा ई-सेवा केंद्रात अंगठ्याचं यंत्र चालेनासं होतं, तेही असंच : यंत्र चांगलं, त्याचं आरडी सर्व्हिस नावाचं सॉफ्टवेअर तेवढं नव्याने टाकायचं राहिलेलं.

आत गेल्यावरही फाइली उघडत नाहीत, ही शेवटची तऱ्हा. जुन्या डिस्कवरून उतरवलेल्या फोल्डरवर ‘परवानगी नाही’ असं येतं. माणूस म्हणतो, नाव तेच ठेवलंय की मी. पण विंडोज नावावर जात नाही. प्रत्येक खात्याला ती एक लांब क्रमांक देते, एसआयडी, आणि नव्या मांडणीत तो नवा असतो. जुन्या फाइली जुन्या क्रमांकाच्या मालकीच्या. प्रशासकाच्या खात्यातून मालकी घेता येते, फोल्डर मोठं असेल तर वेळ लागतो एवढंच. लिनक्समध्ये हेच सोपं जातं, कारण उबुंटूसारख्या वाणात पहिल्या माणसाचा क्रमांक नेहमी १००० असतो. होम विभाग न पुसता लिनक्स पुन्हा टाकलं आणि नाव तेच दिलं, तर पडद्यावरचं चित्रसुद्धा जसंच्या तसं परत येतं. फक्त घरात दोघं वापरणारे असतील तर खाती जुन्याच क्रमाने काढायची. आधी वडिलांचं होतं आणि या वेळी मुलाचं आधी काढलं, तर वडिलांच्या फाइली मुलाच्या मालकीच्या होऊन बसतात.

ब्राउझरमध्ये साठवलेल्या पासवर्डचं काय होतं, हे तर आधीच समजून घ्यायला हवं. क्रोमचं फोल्डर उचलून नव्या विंडोजमध्ये ठेवलं तर बुकमार्क येतात, पासवर्ड येत नाहीत, कारण ते जुन्या विंडोज खात्याच्या गुपिताने बांधलेले असतात. फायरफॉक्सचं पूर्ण प्रोफाइल मात्र सोबत नेता येतं.

या सगळ्यावर ‘कागदावर लिहून ठेवा’ असं मी म्हणतो तेव्हा आयटीतली मंडळी नाराज होतात. पासवर्ड लिहू नये, दर तीन महिन्यांनी बदलावा, त्यात एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह असावं, असं त्यांना शिकवलेलं असतं. हे नियम पसरण्यामागे अमेरिकेच्या निस्ट या संस्थेचं २००३चं मार्गदर्शन होतं. ते लिहिणारे बिल बर यांनी २०१७ साली त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. त्याच वर्षी निस्टने ठरावीक मुदतीने पासवर्ड बदलायला लावण्याची सक्ती सोडून दिली. घरच्या माणसाचा धोका घरातल्या कपाटात नसतो. त्याला लुबाडणारा दूर कुठेतरी बसलेला असतो, आणि कपाटातल्या वहीपर्यंत त्याचा हात पोचत नाही. रिकव्हरी की तर लिहून किंवा छापून ठेवावीच, आणि लॅपटॉपच्या बॅगेत ठेवू नये. ती त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर साठवणारेही भेटतात. ते अडल्यावर तिथपर्यंत पोचणार कसे?

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरची विंडोज यंत्रं बंद पडली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने सुमारे ८५ लाख. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्यात आले. दुरुस्ती म्हणजे यंत्र सेफ मोडमध्ये सुरू करून एक फाइल पुसायची, एवढीच होती. पण बिटलॉकर असलेल्या असंख्य यंत्रांवर त्याआधी ४८ आकडे टाकावे लागत होते. ज्या ऑफिसांनी यंत्रागणिक की नीट जपल्या होत्या त्यांचं काम लवकर उरकलं.

बाईंच्या खात्याचं पुढचं काम कारागिराने दुसऱ्या दिवशी पूर्ण केलं, आणि ते मला डी ड्राइव्ह उघडण्याइतकंच मोलाचं वाटलं. खात्यात शिरता येत होतं, त्यामुळे ३० दिवस थांबायची गरज नव्हती. त्याने आधी बाईंचा मोबाइल जोडला, त्यावर कोड मागवून खात्री केली, पर्यायी ईमेल म्हणून त्यांचं जीमेल दिलं, तेच खात्याचं मुख्य नाव केलं, आणि मग दुकानाचा नंबर काढून टाकला. क्रम हाच ठेवायचा. जुना नंबर आधी काढला तर मधल्यामध्ये लटकायची वेळ येते. नवा पासवर्ड बाईंनी स्वतः टाकला, कारागीर तेवढ्यापुरता बाहेर जाऊन उभा राहिला. दोन्ही ड्राइव्हच्या की छापून बाईंनी त्या बिलाच्या फाइलमध्ये लावल्या आणि एक प्रत बहिणीकडे सांगलीला पाठवायचं ठरवलं.

त्या दुकानात आता फॉरमॅटसाठी लॅपटॉप आला की आधी एक कागद भरून घेतात. खात्याचा ईमेल कुठला. त्यावर नंबर कुणाचा आणि ते सिम आत्ता खिशात आहे का. डिस्कला कुलूप आहे का, असेल तर की उतरवली का. ऑफिस कुठल्या खात्यावर आहे. उत्तरं मिळाल्यावर कारागीर गिऱ्हाइकासमोरच दुसऱ्या संगणकावरून त्या खात्यात लॉगिन करून बघायला सांगतो. लॉगिन झालं तर पेन ड्राइव्ह लावतो. झालं नाही तर लॅपटॉप परत करतो आणि म्हणतो, ‘आधी एवढं करून या, मग विंडोज टाकू. अर्ध्या तासाचं काम आहे ते.’